ऑनलाइन समुदायात आपलेपणा कुठून येतो? मराठी विकिपीडियावर एकट्या पडलेल्या ताईंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याच्या एक ताई, बँकेतून निवृत्त, मराठी भाषा गौरव दिनाच्या एका कार्यशाळेत खातं उघडून मराठी विकिपीडियावर आल्या आणि तेव्हापासून नेमानं लिहितायत. आल्या आल्या त्यांच्या चर्चापानावर (प्रत्येक सदस्याला संदेश लिहिण्याचं पान) छान स्वागत झालं. त्यांनी त्याला उत्तर दिलं, पण पुढे कुणी बोललं नाही. मग त्यांनी आपल्या शाळेच्या संस्थापक मुख्याध्यापकांवर जीव ओतून एक लेख लिहिला. त्याला ‘पानकाढा’ साचा, म्हणजे लेख काढून टाकावा अशी तयार मजकुराची पाटी, लागला आणि काही दिवसांत लेख गेला. बाकीच्या बदलांना कुणी चांगलं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. त्या विचारतात, ‘चावडीवर, म्हणजे इथल्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर, सगळे एकमेकांना ओळखतात, मी मात्र न बोलावता आल्यासारखी वाटते. इथलं कुणी कधी आपलं होतं का, की माझ्या वयाच्या बाईनं हा नाद सोडावा?’

ताई, इतक्यात सोडू नका. मराठी विकिपीडिया आणि विकिस्रोत या दोन्ही ठिकाणी मी बरीच वर्षं काम करतेय, नव्यांसाठी कार्यशाळाही घेते. कोण टिकतं, कोण जातं आणि का जातं, हे जवळून पाहत आलेय. त्यावरून एक गोष्ट खात्रीनं सांगते: इथला आपलेपणा ओळखीतून कामात येत नाही, कामातून ओळखीत येतो. आणि त्यासाठी कामही तसं निवडावं लागतं, एकट्या माणसाच्या हातून जे पुरं होतच नाही असं. तुम्ही आजवर केलेलं काम एकटीनं पुरं होणारं होतं. तुमची अडचण मला तिथे दिसते. तुमच्या वयात नाही आणि स्वभावातही नाही.

आधी त्या शांततेबद्दल. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. इतकी वर्षं झाली तरी रोज हात चालवणारी मंडळी मोजकीच आहेत. त्यांची नजर ‘अलीकडील बदल’ या यादीवर असते आणि त्या नजरेला आधी दिसतं ते बिघडलेलं: कुणी पान कोरं केलं, कुणी शिवी लिहिली, कुणी नेत्याच्या लेखात प्रचार घातला. तुमचा बदल नीट असेल तर तो बघून माणूस पुढे जातो. म्हणजे इथे गप्प राहणं ही बहुतेक वेळा पसंतीच असते, फक्त ती पसंती तुमच्यापर्यंत पोचत नाही. स्वागताचा तो संदेशही साच्यातून येतो, सगळ्यांना सारखाच. पानकाढाही साचाच. दोन्ही लावणाऱ्याच्या मनात त्या क्षणी तुम्ही व्यक्ती म्हणून नव्हतात. हे ऐकायला कोरडं वाटेल, पण यामुळे एक ओझं उतरायला हवं: तुम्हाला कुणी नाकारलेलं नाही. अजून कुणाला तुम्ही भेटलेल्याच नाहीत.

यात जुन्या मंडळींचा दोष नाही असं मात्र मी म्हणणार नाही. ॲरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी विकिपीडियावर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथली सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखरावर पोचली आणि मग घसरत गेली. त्या घसरणीचं एक मोठं कारण त्यांना असं दिसलं की चांगल्या हेतूनं आलेल्या नव्या लोकांचे बदलही झटपट परतवले, म्हणजे रद्द केले, जात होते, बरेचदा यांत्रिक साधनांनी, आणि अशी माणसं परत येत नव्हती. नासधूस थांबवण्यासाठी उभी केलेली तटबंदी पाहुण्यांनाही अडवत होती. मराठीत माणसं आधीच थोडी, त्यामुळे इथे गेलेला एकेक माणूस जास्त जाणवतो. लेख काढणाऱ्यानं साच्याखाली दोन ओळी स्वतःच्या हातानं लिहिल्या असत्या, तर आज तुम्ही हा प्रश्न विचारला नसता. ते आमचं काम होतं आणि ते आम्ही करायला हवं.

तरी लेख का गेला असेल ते समजून घ्या. मी तो पाहिलेला नाही, पण अशा लेखांची गोष्ट बहुधा एकच असते. संस्थापकांचं कार्य खरंच मोठं असतं, पण लिहिणाऱ्यापाशी असते ती शाळेची स्मरणिका, सुवर्णमहोत्सवाचा अंक आणि माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी. विश्वकोशाला लागतात त्या माणसाशी आणि संस्थेशी संबंध नसलेल्यांनी छापलेल्या नोंदी: वर्तमानपत्रातला सविस्तर लेख, जिल्ह्याच्या गॅझेटियरमधला उल्लेख, दुसऱ्या कुणी लिहिलेला शिक्षणाचा इतिहास. विकिपीडियावर याला उल्लेखनीयता म्हणतात. माणसाची थोरवी त्यात मोजलेली नसते. त्याच्याबद्दल पडताळून पाहता येईल असं बाहेर काय छापलं गेलंय, एवढंच त्यात बघतात. काढलेला मजकूर नाहीसाही होत नाही. प्रचालकाला (पानं काढण्याचे आणि परत आणण्याचे अधिकार असलेल्या सदस्याला) विनंती केलीत तर तो तुमच्या सदस्यपानाच्या उपपानावर परत मिळू शकतो. तिथे तो सुरक्षित ठेवा, बडोद्यातल्या जुन्या वर्तमानपत्रांत शोध घेत राहा आणि दोन-तीन चांगले संदर्भ मिळाले की पुन्हा मांडा.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

जीन लेव्ह नावाच्या मानवशास्त्रज्ञ आहेत. १९७० च्या दशकात त्या पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात शिंप्यांच्या दुकानांत बसून पोरं शिंपीकाम कशी शिकतात ते पाहत होत्या. उमेदवार आला की त्याला कापड बेतायला देत नाहीत. सुरुवात शेवटाकडून होते: तयार कपड्याला बटणं लावायची, कडेला दुमड घालायची, इस्त्री करायची. मग शिवण. बेतणं सर्वात शेवटी, कारण तिथे चूक झाली तर कापडच फुकट जातं. आणि बटणं लावणारं पोरगं पहिल्या दिवसापासून दुकानाचंच असतं, त्यानं हात लावलेला कपडा गिऱ्हाईकाच्या अंगावर जातो. पुढे १९९१ मध्ये लेव्ह आणि एटियेन वेंगर यांनी यावरून एक मांडणी केली: कडेचं पण खरंखुरं काम मिळालं की माणूस कडेकडून आत सरकतो, आणि शिकणं व सामील होणं या दोन क्रिया वेगळ्या राहत नाहीत.

आम्ही कार्यशाळांत नेमकं उलटं करतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी म्हणतो, ‘आपल्या गावावर लेख लिहा, आवडत्या व्यक्तीवर लेख लिहा.’ म्हणजे पहिल्याच दिवशी हातात कात्री देतो आणि कापड बिघडलं की साचा लावतो. नवा लेख हे इथलं सर्वात अवघड काम आहे. त्यात उल्लेखनीयता, तटस्थता, संदर्भ, प्रताधिकार (कॉपीराइट), वर्गीकरण हे सगळं एकदम अंगावर येतं. माझ्या कार्यशाळांत मी हे बंद केलंय.

तुम्ही विकिस्रोतावर या. विकिपीडियाचं हे भावंड आहे. प्रताधिकार संपलेली जुनी पुस्तकं तिथे जशीच्या तशी, शोधता येतील अशा मजकुरात उतरवली जातात, आणि त्यातलं मुद्रितशोधन हे आमचं बटणं लावण्याचं काम. कसं चालतं ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमचं उत्तर या रचनेतच आहे.

पुस्तकाची स्कॅन केलेली प्रत चढवली की त्याचं एक अनुक्रमणिका पान तयार होतं. त्यावर पानांचे आकडे ओळीनं मांडलेले दिसतात. एखादा आकडा उघडलात की एका बाजूला छापील पानाचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला संगणकानं त्या चित्रावरून ओळखलेला मजकूर. हा मजकूर चुकांनी भरलेला असतो. ‘ख’चा ‘रव’ होतो, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ एकमेकांत मिसळतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, कागदावरचा ठिपका अनुस्वार होतो आणि खरा अनुस्वार गळून पडतो. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र तर हटकून बिघडतो. त्यासाठी युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आहे, ते आपल्या कळफलकावर कुठे आहे हे एकदा शोधून ठेवा, रोज लागेल. तुम्ही चित्राशी ताडून पाहायचं, दुरुस्त करायचं आणि जतन करायचं. हे फोनवर होतं, पण डोळ्यांना त्रास होतो. मोठा पडदा बरा.

कच्चं पान लाल असतं. तुम्ही तपासून ठेवलंत की त्याचा आकडा पिवळा होतो. त्यानंतर कुणीतरी पुन्हा चित्राशी ताडून वाचलं की तो हिरवा होतो. आणि पिवळं केलेलं पान हिरवं करायचा अधिकार तुम्हाला नसतो. ते बटणच तुमच्यापुढे येत नाही, ते फक्त दुसऱ्या सदस्याला दिसतं. पुस्तक पुरं व्हायचं तर प्रत्येक पानावर दोन माणसांचे हात लागावेच लागतात. नियम केला तो अचूकपणासाठी, दोन जोड्या डोळे चुका जास्त पकडतात म्हणून. पण त्यातून जे होतं ते माझ्या लेखी त्याहून मोठं आहे: इथे तुम्ही एकट्या राहूच शकत नाही. तुमच्या पानाला दुसऱ्याची गरज आहे आणि दुसऱ्याच्या पानाला तुमची.

लग्नघरी पाहुणा म्हणून पाटावर बसलेल्या माणसाला आजूबाजूला सगळे परके वाटतात. तोच उठून पंगतीत वरणभात वाढायला लागला की दहा जण त्याला नावानं हाक मारू लागतात. इथे हिरवं करणं हे वाढपाचं काम आहे. म्हणून माझा पहिला सल्ला असा की आल्यावर स्वतःचं पुस्तक सुरू करू नका, आधी दुसऱ्यांची पिवळी पानं वाचा. अर्धवट राहिलेलं एखादं पुस्तक घ्या, इतिहासाच्या कळीवर टिचकी मारून ते पान कुणी तपासलं ते बघा आणि नीट वाचून हिरवं करा. चार-सहा पानं झाली की त्या सदस्याच्या सूचनांच्या घंटेवर नाही तरी निरीक्षणसूचीत, म्हणजे त्यानं लक्ष ठेवलेल्या पानांच्या यादीत, तुमचं नाव दिसायला लागतं. कुणीतरी आपण केलेलं काम ओळीनं वाचलं, हे कळलेला माणूस तुम्हाला विसरत नाही.

या कामात तुमचा पहिला खटका कुठे उडेल, तेही आत्ताच सांगते. जुन्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरें’, ‘असें’, ‘त्यांत’ अशी रूपं भेटतील. बँकेत वर्षानुवर्षं शुद्ध मराठीत टिपणं लिहिलेला हात ती आपसूक ‘काही’, ‘नाही’, ‘घरे’ अशी सुधारतो. ती सुधारायची नाहीत. आपण आज लिहितो ते मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी, ज्यांत १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली. त्याआधीचं पुस्तक त्याच्या काळाच्या नियमांनी शुद्ध आहे आणि ते तसंच उतरवणं हे आपलं काम. उघड छपाईची चूक असेल तरी ती परस्पर बदलत नाहीत, मूळ तसंच ठेवून टीप जोडायची सोय आहे. नव्या माणसानं मन लावून ‘शुद्ध’ केलेली पानं कुणीतरी परतवतं, आणि शिकलेल्या, भाषेवर प्रेम असलेल्या माणसाला ते फार लागतं. हा प्रसंग तुमच्यावर आलाच तर परतवलेल्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहा. परतवणाऱ्यानं अनुस्वारापर्यंत तुमचं पान वाचलंय, हे आधी लक्षात घ्या. मग त्याच्या चर्चापानावर लिहा.

काय लिहायचं, यावर सगळं अवलंबून असतं. ‘मी नवीन आहे, मार्गदर्शन करावे’ या वाक्याला उत्तर येत नाही. वाचणाऱ्याला काय सांगावं तेच कळत नाही, आणि मग तुम्हाला वाटतं की कुणी दखल घेत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘पान ४७, खालून तिसरी ओळ. स्कॅनमध्ये “केलें” वरचा अनुस्वार पुसट दिसतो, आपण तो काढलात. पान ४५ वर तेच रूप अनुस्वारासह आहे. इथेही ठेवावा का?’ अशा प्रश्नाला न बोलणारा माणूसही उत्तर देतो, कारण तो प्रश्न त्यालाही पडलेला असतो. शेवटी चार टिल्डा (~~~~) टाकायला विसरू नका, म्हणजे तुमची सही आणि वेळ आपोआप उमटते. बिनसहीच्या संदेशाला कुणी उत्तर द्यायचं? आणि प्रत्येक बदल जतन करताना ‘बदलांचा आढावा’ ही लहानशी चौकट भरा. ‘तळटीप २ जोडली’, ‘जोडाक्षर स्कॅनप्रमाणे’, ‘शीर्षओळ वेगळी केली’. शेकडो बदलांच्या यादीत इतरांना तुमचा आवाज ऐकू येतो तो एवढ्याच शब्दांतून.

आणखी एक लहानसं साधन आहे, धन्यवादाचं बटण. २०१३ पासून ते आहे आणि पानाच्या इतिहासात प्रत्येक बदलाशेजारी दिसतं. आपल्याकडे लोक ते वापरायला संकोचतात, थोरांना आपण काय धन्यवाद द्यायचे म्हणून. वापरा. कोणी कोणाला धन्यवाद दिले याची नोंद खुली असते, पण कोणत्या बदलासाठी ते फक्त त्या दोघांना कळतं. आम्हा जुन्या लोकांनाही ती सूचना आली की बरं वाटतं, आणि देणाऱ्याचं नाव लक्षात राहतं.

पुस्तक कोणतं घ्यायचं? ताई, तुम्ही बडोद्याच्या आहात, आणि तुमच्या गावाइतकं या कामाला जवळचं गाव महाराष्ट्राबाहेर मला सुचत नाही. सयाजीराव गायकवाडांनी सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केलं आणि १९०६ मध्ये राज्यभर नेलं. १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालयं उभी केली. वाचायला शिकलेल्यांना पुस्तकं हवीत म्हणून बडोद्यातून श्रीसयाजी साहित्यमाला निघाली. त्यात मराठी आणि गुजराती पुस्तकं आहेत, स्वतंत्र आणि भाषांतरित, विज्ञानापासून तत्त्वज्ञानापर्यंत. अशी पुस्तकं तुमच्या गावातल्या जुन्या कपाटांत सापडू शकतात. पुण्या-मुंबईच्या सदस्याला जे पुस्तक मिळवायला प्रवास करावा लागेल, ते कदाचित तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

प्रताधिकार मात्र नीट बघा. भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. १९५० साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०११ ला खुलं झालं, १९६४ साली वारलेल्याचं १ जानेवारी २०२५ ला. पुस्तक शंभर वर्षांपूर्वी छापलेलं आहे एवढ्यावर जाऊ नका. विशीत लिहिलेला लेखक नव्वद वर्षं जगलेला असू शकतो. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचा हक्क वेगळा मोजतात, मूळ लेखक केव्हाच वारलेला असला तरी. जुन्या भाषांतरकारांच्या मृत्यूचं साल शोधणं हे जिकिरीचं काम आहे आणि ते स्थानिक माणसालाच जमतं: वारसांना विचारणं, संस्थेच्या जुन्या अहवालांतले श्रद्धांजलीचे ठराव चाळणं. असं एक साल पुराव्यासह मिळवून दिलंत तर एक पुस्तक सगळ्यांसाठी मोकळं होतं. हे साल शोधताना ज्या वर्तमानपत्रांत डोकं घालाल, त्यांतच तुमच्या मुख्याध्यापकांचेही संदर्भ निघण्याची शक्यता बरीच आहे.

चावडीबद्दल तुम्ही विशेष विचारलंय. तिथे जुनी मंडळी एकमेकांना नावानं हाक मारतात, मागच्या भांडणांचे दाखले देतात, आणि वाचणाऱ्या नव्या माणसाला वाटतं की आपण चुकीच्या घरात शिरलो. चावडी वाचत राहा, पण सुरुवातीला तिथे आपलेपणा शोधू नका. तिथे कामाच्या वाटाघाटी होतात: धोरण, कौल, प्रचालकांविषयीच्या तक्रारी. तिथला सूर कडक असतो, कारण जे मुद्दे चर्चापानांवर सुटले नाहीत तेच तिथवर येतात. एखाद्या कौलात मत द्यायचं तर त्या विषयाचं काम तुम्ही स्वतः केलेलं असेल तेव्हा द्या. अनुस्वारांवर वाद चालू असेल आणि तुम्ही शे-दीडशे पानं तपासलेली असतील, तर तुमच्या चार ओळींना प्रचालकाच्या ओळींइतकंच वजन येतं. हे मी अनेकदा घडताना पाहिलंय आणि या जागेबद्दल मला सर्वात जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे. तुमचं वय, हुद्दा, गाव, जात कुणाला दिसत नाही. पानांचा इतिहास तेवढा दिसतो.

प्रत्यक्ष भेटींचं मोल मी कमी मानत नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिली विकिकॉन्फरन्स इंडिया झाली, तेव्हापासून अशा लहानमोठ्या भेटींत पडद्यावरच्या सदस्यनामांना चेहरे मिळाले. ज्याच्याशी महिनाभर वाद घातला, त्याच्या शेजारी बसून चहा घेतला की पुढचा वाद वेगळ्या सुरात होतो. बडोद्यात मराठी मंडळं, वाचनालयं आहेत, २०१८ चं साहित्य संमेलनही तिथेच झालं. तुम्हीच दोघी-तिघींना घेऊन वाचनालयात दर आठवड्याला तासभर बसलात तर ते सर्वात चांगलं. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरच्या गटांबद्दल मात्र थोडं सांभाळून. तिथे लवकर ऊब मिळते आणि अडलेलं पटकन विचारता येतं, पण निर्णय तिथे व्हायला लागले की गटाबाहेरच्या प्रत्येकाला तुमच्यासारखंच परकं वाटू लागतं. ‘सगळे एकमेकांना ओळखतात’ ही तुमची भावना काही अंशी यातूनच आली असणार. म्हणून गटात ठरलेलं काहीही चावडीवर मांडून, तिथे चर्चा होऊन मगच अमलात यावं, असा आग्रह मी धरते. तुम्हीही धरा.

एक गोष्ट बाई म्हणून सांगते. विकिपीडिया आणि विकिस्रोत चालवणाऱ्या विकिमीडिया या संस्थेच्या स्वतःच्या सर्वेक्षणांत स्त्री-संपादकांचं प्रमाण पुरुषांच्या मानानं फारच कमी दिसत आलंय. त्यामुळे कुणी जास्त चौकशा करू लागलं, कामाबाहेरचे संदेश पाठवू लागलं तर ते सोसणं हा आपलेपणाचा भाग नाही. खरं नाव, फोन नंबर, घरचा पत्ता देण्याची इथे कधीच गरज नसते. टोपणनावानं वर्षानुवर्षं उत्तम काम करणाऱ्या सदस्य आहेत. २०२१ मध्ये जाहीर झालेली आचारसंहिता सगळ्या विकिमीडिया प्रकल्पांना लागू आहे, आणि स्थानिक प्रचालकाशी बोलायचं नसेल तर त्याच्या वरही दाद मागता येते. परतवलेला बदल हा कामाचा भाग. अपमान कामाचा भाग नाही. हा फरक मनात पक्का असू द्या.

आणि सोडण्याबद्दल. प्रत्येक समुदाय प्रत्येकाचा होतो असं नाही, आणि तसं नाही झालं तर त्यात तुमचं काही उणं नाही. एक पुस्तक घ्या, ते पिवळं होईतो बसा, मध्ये मध्ये दुसऱ्यांची पानं हिरवी करत राहा, नेमके प्रश्न विचारा. एवढं करूनही कुणी तुमच्या पानांना हात लावला नाही, एकाही प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर खुशाल जा. तुम्ही तपासलेली पानं मुक्त परवान्याखाली तिथेच राहतील, कुणालाही वाचायला आणि वापरायला.

माझ्या अनुभवात तसं फारसं होत नाही. होतं ते असं की एखाद्या दिवशी अनोळखी सदस्य एका पानावर ‘कांहीं’चं ‘काही’ करून जातो. आधी तुम्हाला राग येतो. मग तुम्ही त्याचं चर्चापान उघडता, साच्यातल्या स्वागताखाली स्वतःच्या शब्दांत १९६२ चे नियम समजावून सांगता आणि शेवटी लिहिता, ‘बाकी पान छान तपासलंत.’ त्यावेळी तुम्ही इथे नव्या आहात की जुन्या, हा विचार तुमच्या डोक्यात येत नाही.

पुस्तक ठरलं की त्याच्या अनुक्रमणिकेचा दुवा विकिस्रोतावर माझ्या चर्चापानावर टाका, प्रत चढवताना अडलं तर तेही तिथेच विचारा. तुमच्या पहिल्या प्रकरणाचं दुसरं वाचन मी करीन. माझी पिवळी पानंही बरीच साचली आहेत. ती तुम्ही वाचा आणि सापडेल ती चूक निःसंकोच काढा.